गोकुळाहून वृंदावनाकडे : घर बदलताना मुलांचा विचार

आमच्या मंदिराच्या महाजन व कुळावी कुटुंबांत असे घर विरळाच सापडेल की ज्याने गेल्या दोन-तीन पिढ्यांत बिऱ्हाड हलविले नाही. कोणी नोकरीनिमित्त बेळगावहून मडगावास आले, कोणी फोंड्याहून मुंबईस गेले, कोणाची शाखा बडोद्यास रुजली तर कोणाची इंदुरास. बदलीचा हुकूम येतो, भाड्याच्या घराची मुदत संपते, वडिलार्जित घराची वाटणी होते, आणि सामान बांधावयास घ्यावे लागते. त्या धांदलीत भांडी मोजली जातात, काचेची बरणी जुन्या लुगड्यात गुंडाळली जाते, देव्हाऱ्यातील टाक नीट मोजून डब्यात ठेवले जातात. मुलांविषयी मात्र कोणी विचार करीत नाही. ती काय, आपल्याबरोबर येतीलच, असे आपण गृहीत धरतो. प्रस्तुत पाठात या दुर्लक्षित बाबीकडे पाहावयाचे आहे.

स्थलांतर ही आपल्या समाजास नवी गोष्ट नव्हे. आपले देवही घर सोडून आलेले आहेत. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखालील देवळे मोडली जाऊ लागली, तेव्हा पूर्वजांनी देव उचलून त्या वेळी पोर्तुगीजांच्या ताब्याबाहेर असलेल्या अंत्रुज महालात आणले. कुठ्ठाळीचा, म्हणजे प्राचीन कुशस्थळीचा श्रीमंगेश १५६० च्या सुमारास प्रियोळास आला. केळशीची श्रीशांतादुर्गा कवळ्यास आली. वेर्ण्याची श्रीम्हाळसा आज जेथे आहे तेथे आली. वेर्ण्यातील तिच्या जुन्या स्थानास म्हार्दोळ म्हणत, आणि नवे स्थानही म्हार्दोळ याच नावाने प्रसिद्ध झाले. त्या भयंकर काळात घाईने निघालेल्या माणसांनी मूर्तीबरोबर जुन्या जागेचे नावही उचलून नेले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. जुने सर्वस्वी पुसून टाकल्याने नवे ठिकाण आपलेसे होत नाही. त्यातील काही तरी हाती धरून आलो तरच तेथे पाय टेकतो. मुलांच्या बाबतीतही हेच सत्य आहे.

कथाभाग

श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधातील अकराव्या अध्यायात नंदाच्या व्रजाने गोकुळ सोडल्याचा प्रसंग आहे. कीर्तनात तो बहुधा दोन वाक्यांत संपतो, कारण पुढे वृंदावनातील लीला सांगावयाच्या असतात. तथापि ज्यांच्या घरी लहान मुले आहेत त्यांनी हा अध्याय सावकाश वाचावा.

उखळास बांधलेल्या बाळकृष्णाने दोन अर्जुनवृक्ष उन्मळून पाडले. तो कडकडाट ऐकून नंदादी गोप धावत आले. वृक्ष कशाने पडले हे कोणास उमगेना. तेथे खेळत असलेल्या मुलांनी जे पाहिले ते सांगितले. परंतु एवढेसे पोर दोन झाडे कसे पाडील, असे म्हणून काहींनी ते मानले नाही, तर काहींच्या मनात शंका राहिली. पुढे वडीलधारे गोप विचारास बसले. त्यांत उपनंद नावाचा वयाने व ज्ञानाने थोर असा गोप होता. तो म्हणाला की येथे मुलांच्या जिवावर संकटे येत आहेत. पूतनेच्या तावडीतून हे बालक वाचले, गाडा उलटला तो याच्या अंगावर पडला नाही, वावटळीच्या रूपाने आलेल्या दैत्याने यास उचलून नेले होते, आणि आता हे वृक्ष कोसळले. आणखी अरिष्ट येण्यापूर्वी आपण मुलांस घेऊन निघावे. वृंदावन नावाचे रान गवताने व झाडाझुडपांनी समृद्ध आहे. गाईंस आणि माणसांस ते सोयीचे आहे. तुम्हां सर्वांस रुचत असेल तर आजच निघू.

सर्वांस ते पटले. म्हातारी माणसे, मुले, स्त्रिया व सारी चीजवस्तू गाड्यांवर चढविली. गाई पुढे घातल्या. गोपांनी हाती धनुष्ये घेतली, शिंगे फुंकली, पुरोहितांस बरोबर घेतले. गोपी नटूनथटून गाड्यांत बसल्या व कृष्णाच्याच लीला गात चालल्या. यशोदा आणि रोहिणी एका गाड्यात बसल्या होत्या. कृष्ण आणि बलराम त्यांच्याजवळ होते, आणि त्या दोघी ती गाणी कान देऊन ऐकत होत्या. वृंदावनास पोहोचल्यावर गाडे अर्धचंद्राकार उभे करून व्रजाचा तळ पडला. गोवर्धन पर्वत आणि यमुनेची वाळवंटे पाहून राम-कृष्णांस अतिशय आनंद झाला. थोड्याच दिवसांत ती दोघे वासरे राखण्याच्या वयाची झाली, आणि इतर गोपबालकांसह वस्तीच्या जवळपास वासरे चारू लागली.

आमच्या हातून घडलेली चूक

या कथेचा अर्थ आम्हांस पोथीतून कळण्यापूर्वी ठेच लागून कळला. म्हणून तो प्रसंग येथे सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमची बदली बेळगावहून गोव्यात झाली. धाकटा मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. सामान बांधताना तो रडेल, पायांत पायांत येईल, म्हणून परीक्षा संपताच आम्ही त्यास आजोळी धाडले आणि त्याच्यामागे बिऱ्हाड हलविले. पंधरा दिवसांनी त्यास आजोळाहून थेट नव्या घरी आणले. तो रडला नाही. सर्व खोल्यांतून एकदा फिरून आला आणि आईस म्हणाला, "आपलं घर कुठं ठेवलंत?"

आम्ही हसलो. त्या हसण्याची आज लाज वाटते.

पुढे महिनाभर तो दररोज तिन्हीसांजेस चपला घालून दाराच्या पायरीवर बसे. कोठे जावयाचे आहे असे विचारले तर उत्तर देत नसे. केव्हाच बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू झाले, आणि त्यावरून आम्ही त्यास दोनदा रागेही भरलो. अखेर त्याच्या आजीने आम्हांस बजावले, "अरे, माणूस गेलं तरी घरच्यांना त्याचं तोंड पाहू देतात. त्याला त्याच्या घराचं तोंड तरी पाहू द्या."

पुढच्या रविवारी त्यास घेऊन आम्ही बेळगावास गेलो. जुन्या घरात नवे बिऱ्हाड आले होते. तेथील बाईंनी काही न विचारता आत घेतले. मुलगा थेट स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. त्या चौकटीवर दर वाढदिवशी पेन्सिलीने त्याच्या उंचीची रेघ काढलेली होती. तो बराच वेळ तेथे उभा राहिला, मग त्या बाईंस म्हणाला, "या रेघा पुसू नका हं." त्यांनी नाही पुसणार म्हणून सांगितले. येताना त्याने अंगणातल्या चाफ्याची चार फुले खिशात घातली. बसमध्ये तो मनसोक्त रडला, आणि आम्हीही त्यास गप्प केले नाही.

अंथरूण ओले होणे त्यानंतरही दोन-तीन आठवडे चालले. परंतु चपला घालून पायरीवर बसणे त्या दिवसापासून थांबले.

बोध

आता कथेकडे वळू. त्या अध्यायातून घर हलविणाऱ्या आईबापांस चार गोष्टी शिकता येतात असे आम्हांस वाटते.

पहिली गोष्ट कारणाविषयी आहे. उपनंदाने गोकुळ सोडण्याचे कारण सर्वांसमक्ष सांगितले, आणि मुलांचे रक्षण हेच ते कारण होते. निर्णय वडीलधाऱ्यांनी घेतला. मुलांचे मत विचारले असे ग्रंथ म्हणत नाही, आणि आपणही तसा देखावा करू नये. जे ठरले आहे त्याविषयी "तुला चालेल ना?" असे विचारून मग नकाराकडे काणाडोळा करणे ही फसवणूक होय. परंतु का जावयाचे, केव्हा, कोठे, बरोबर कोण येणार, हे मुलास त्याच्या वयास समजेल अशा शब्दांत आणि घरच्याच तोंडून कळले पाहिजे. शेजाऱ्यांकडून किंवा फोनवरचे बोलणे कानावर पडून ते कळू नये. कारण सांगितले नाही तर मूल स्वतःच एक कारण शोधून काढते, आणि पुष्कळदा ते स्वतःलाच दोषी धरते. बाबांची नोकरी गेली असेल, घराचे कर्ज फेडता आले नसेल, आईबाप विभक्त होत असतील, तरीही थोडक्यात खरे सांगावे आणि "यात तुझी काही चूक नाही" हे वाक्य स्पष्ट उच्चारावे.

दुसरी गोष्ट निरोपाची. व्रज वाजतगाजत निघाला, आणि वाटेवर गोपी गोकुळात घडलेल्या गोष्टीच गात होत्या. जुन्या जागेचा विषय काढला तर मुलास दुःख होईल, असे त्यांस वाटले नाही. आपण याच्या उलट वागतो. "ते घर विसर, इथं बघ किती मोठी गॅलरी आहे" असे म्हणून आपण मुलाचे तोंड बंद करतो. वस्तुतः ज्याची आठवण मोकळेपणी काढता येते, त्याचे दुःख मवाळ होते. निघण्यापूर्वी मुलास घरभर हिंडून एकेका खोलीचा निरोप घेऊ द्यावा. गल्लीतील मित्र, शाळेतील बाई, किराणा दुकानदार, रोज बिस्किट खाणारे गल्लीतले कुत्रे, यांस त्याने स्वतः जाऊन सांगावे. त्या घराची चार छायाचित्रे काढून ठेवावीत. अंगणातील तुळशीची मंजिरी पुडीत बांधून मुलाच्या हाती द्यावी आणि नव्या वृंदावनात त्याच्याच हातून पेरावी.

तिसरी गोष्ट कामाची. वृंदावनात आल्यावर राम-कृष्णांस पाहुण्यासारखे बसवून ठेवले नाही. झेपेल असे काम, म्हणजे वासरे राखणे, त्यांच्याकडे आले, आणि तेही घराच्या जवळपास. ज्या जागेत आपल्या हातून काही होते ती जागा आपली वाटू लागते. म्हणून सामान बांधताना मुलाची एक पेटी वेगळी असावी. ती त्याने स्वतः भरावी, तीवर स्वतःचे नाव लिहावे. ती गाडीत सर्वांत शेवटी चढवावी आणि नव्या घरी सर्वांत आधी उघडावी. तीत काय असावे यावर आपण वाद घालू नये. चाक तुटलेली मोटार आपल्यास अडगळ वाटते. पण त्या दिवशी मुलाच्या दृष्टीने ती घराचा एक कोपरा असते. मुलाच्या वस्तू त्याच्यामागे भंगारात देऊ नयेत. गृहप्रवेशाच्या दिवशी देव्हारा मांडताना बाळकृष्ण त्याच्या हाती द्यावा, आंब्याचे तोरण बांधताना सुतळी त्याने धरावी, दूध उतू घालताना त्यास चुलीपासून बेताच्या अंतरावर उभे करून दाखवावे. पुढे वास्तुशांत केव्हा करावयाची ती करावी. मुलाची वास्तुशांत या छोट्या कामांत होऊन जाते.

चौथी गोष्ट ग्रंथात उघड सांगितलेली नाही, पण ती सर्वांत महत्त्वाची आहे. गोकुळ सोडताना कृष्णाने मागे कोणास सोडले नाही. आई, दाऊ, सवंगडी, गाई, पुरोहित, अख्खा गाव त्याच्याबरोबर निघाला. म्हणूनच नवे रान पाहताच त्यास आनंद होऊ शकला. आपली मुले मात्र सवंगडी मागे ठेवून जातात. तेव्हा वृंदावनातील आनंदाचा दाखला देऊन "कृष्ण कसा हसतमुखाने गेला, तू का रडतोस?" असे मुलास विचारणे अन्यायाचे होईल. जो भार त्या वेळी सारा गाव वाहत होता तो आता आईबापांस आणि नव्या गावातील आपल्या माणसांस वाहावा लागतो. पुढे कृष्ण मथुरेस गेला तेव्हा खरोखरच माणसे मागे राहिली, आणि त्याने उद्धवास व्रजात पाठविले. उद्धव निरोप सांगून लगेच परतला नाही. कित्येक महिने तेथे राहून कृष्णाच्या गोष्टी सांगत राहिला. देवासही जुन्या माणसांची विचारपूस करावीशी वाटली, हे आपण ध्यानात घ्यावे. मुलास जुन्या मित्रास पत्र लिहू द्यावे, फोनवर बोलू द्यावे, जमल्यास एका सुटीत त्या मित्रास घरी बोलवावे.

वयाप्रमाणे थोडे फरक

तीन-चार वर्षांखालील मुलास गावाचे नाव कळत नाही. त्यास अंथरुणाचा वास, जेवणाची वेळ आणि झोपताना म्हणावयाचा श्लोक कळतो. म्हणून या वयात दिनक्रम मोडू नये. त्याची गोधडी निघण्याच्या आदल्या दिवशी धुवू नये, आणि नवा पलंग त्याच आठवड्यात आणू नये. स्तनपान तोडणे, अंगठा चोखण्याची सवय मोडणे, वेगळे निजविणे ही कामे दोन-चार महिने पुढे ढकलावीत.

पाच ते दहा वर्षांच्या मुलांस प्रश्न पुष्कळ पडतात आणि तेच ते प्रश्न ती पुन्हा पुन्हा विचारतात. प्रत्येक वेळी उत्तर द्यावे. शक्य असेल तर आधी एकदा नेऊन घर, शाळा आणि खेळावयाची जागा दाखवावी. या वयात सकाळी शाळेच्या वेळेस पोट दुखणे, चिडचिड, अंथरूण ओले होणे असे प्रकार काही आठवडे दिसू शकतात. ते सोंग नव्हे आणि हट्टही नव्हे. रागावण्याने ते वाढतात.

अकरा ते पंधरा हे वय सर्वांत नाजूक. या वयात मित्र हेच घर होऊन बसलेले असते. डेन्मार्कमध्ये १९७१ ते १९९७ या काळात जन्मलेल्या चौदा लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासून केलेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. बालपणी गाव बदललेल्यांपैकी ज्यांनी बारा ते चौदा वर्षांच्या सुमारास, विशेषतः वर्षात एकाहून अधिक वेळा, गाव बदलले, त्यांच्यात पुढील आयुष्यात मानसिक त्रासाचे व इतर दुष्परिणामांचे प्रमाण अधिक आढळले. केवळ घर बदलल्यामुळेच तसे झाले असा याचा अर्थ नव्हे, कारण घर बदलण्यामागेही पुष्कळदा काही अडचणी असतात. तरीही बदली वर्षभर पुढे ढकलण्याची सवलत मिळत असेल तर या वयाच्या मुलासाठी ती अवश्य मागावी. आणि जावेच लागले तर मुलाचा राग सहन करावा. तो राग आपल्यावर निघतो, कारण तो काढावयास त्यास दुसरे सुरक्षित ठिकाण नसते.

आपल्या समाजातील मुलांस भाषेची अडचण अधिक असते. बेळगावच्या मुलाच्या बोलण्यात कानडी हेल असतो, इंदूर-ग्वाल्हेरकडील मुलाच्या मराठीत हिंदी शब्द येतात, बडोद्याच्या मुलास गुजराती अधिक सुचते, गोव्याचे मूल कोंकणीत बोलता बोलता मराठीत शिरते. नव्या शाळेत पहिल्या आठवड्यातच यावरून हसे होते. शिक्षकांस आधी भेटून हे सांगून ठेवावे. घरी तर त्या बोलण्याची नक्कल कधीही, प्रेमानेसुद्धा, करू नये. ज्या बोलीत मूल लहानाचे मोठे झाले ती त्याने बरोबर आणलेली तुळशीची मंजिरीच होय.

बहुतेक मुले काही महिन्यांत रुळतात. परंतु मूल कित्येक आठवडे नीट जेवत-झोपत नसेल, कोणाशीच बोलत नसेल, शाळेत जावयाचे नावच काढत नसेल, किंवा "मी नसतो तर बरं झालं असतं" अशा अर्थाचे काही बोलत असेल, तर दृष्ट काढून थांबू नये. विलंब न करता डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. त्यात कमीपणा कसला? ताप आला तर आपण डॉक्टरांकडे जातोच.

मंदिराचे काम

आता आपल्या मंदिराविषयी. दर वर्षी काही नवी कुटुंबे या गावी येतात. आपण त्यांस पावतीपुस्तक दाखवितो, अभिषेकाची वेळ सांगतो, पालखीस या म्हणतो. आणि त्यांचे मूल सभामंडपाच्या खांबास टेकून उभे राहते. व्रजाने गाडे अर्धचंद्राकार उभे केले होते, म्हणजे आतल्या बाजूस सर्वांस आसरा मिळाला. आमची विनंती एवढीच आहे की नवे कुटुंब दर्शनास आले की आपल्या घरातील त्याच वयाच्या मुलास हाक मारावी आणि "याला तळी दाखवून आण, दीपस्तंभ दाखव" असे सांगावे. पुढच्या पालखीस त्या नव्या मुलाच्या हाती झांज द्यावी. यास खर्च नाही, ठराव नको, समिती नको. परंतु ज्या गावात आपले नाव घेऊन हाक मारणारा एक तरी सवंगडी आहे तो गाव मुलास परका राहत नाही.

घरी बसून विचार करण्यासाठी

१. आपल्या घराण्याने आजवर कोणकोणती गावे बदलली? आजी-आजोबांकडून ती नावे क्रमाने मुलांस सांगवून घ्यावीत.

२. त्या प्रत्येक गावाहून आणलेली एक तरी वस्तू, चाल, पदार्थ किंवा शब्द आज घरात आहे काय?

३. मुलांनी पाहिलेले सांगितले असता व्रजातील काही थोरांनी ते मानले नाही. आपल्या घरी मुलाचे कोणते म्हणणे आपण असेच बाजूस सारले आहे?

४. आपल्या आळीत वा इमारतीत या वर्षी नव्याने आलेले मूल कोण? त्याचे नाव आपणांस ठाऊक आहे काय?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही तर पाठ येथेच मिटवावा, आणि आधी ते नाव विचारून यावे.